मोहल्ला समित्या आणि नागरी शांततेचा सिद्धान्त : भिवंडीच्या अनुभवावरून एक परीक्षण

१

दंगल घडली म्हणजे तिच्या कारणांचा शोध घेण्यासाठी चौकशी आयोग नेमला जातो. साक्षीपुरावे होतात, अहवाल तयार होतो, आणि पुढील अभ्यासकाला निदान कागदपत्रे तरी उपलब्ध होतात. उलटपक्षी, दंगल घडावी अशी सर्व लक्षणे दिसत असताना ती घडली नाही, तर त्या न घडण्याची दखल सहसा कोणी घेत नाही. परिणामी आपल्याकडील जातीय संघर्षाच्या अभ्यासाला एकांगीपणा आलेला आहे. जेथे माणसे मेली तेथील कारणे आपण मांडतो. परंतु तीच कारणे हजर असूनही शेजारच्या शहरात माणसे का मेली नाहीत, हा प्रश्न आपण विचारीत नाही. आणि जोवर तो विचारला जात नाही, तोवर आपण मांडलेली कारणे ही खरोखरीची कारणे आहेत की केवळ परिस्थितीचे वर्णन आहे, हे ठरविता येत नाही.

हा प्रश्न पद्धतशीरपणे उपस्थित करण्याचे श्रेय आशुतोष वार्ष्णेय यांच्या ‘एथ्निक कॉन्फ्लिक्ट अँड सिव्हिक लाइफ’ या ग्रंथास द्यावे लागते. येल विद्यापीठाने २००२ साली प्रसिद्ध केलेल्या या ग्रंथावर पुष्कळ चर्चा झाली आहे, आणि नागरी शांततेविषयी आज आपल्या वर्गांतून जे बोलले जाते त्यावर त्याची छाप स्पष्ट आहे. प्रस्तुत लेखात त्याचा सर्वांगीण परामर्श घेण्याचा हेतू नाही. त्यातील मुख्य सिद्धान्त भिवंडी या एका शहराच्या अनुभवाशी ताडून पाहणे, एवढीच मर्यादा येथे घालून घेतली आहे. भिवंडीची निवड करण्याचे कारण असे की स्वतः वार्ष्णेय यांनी आपल्या सिद्धान्ताच्या पुष्ट्यर्थ या शहराचा आधार घेतला आहे.

२

वार्ष्णेय आणि स्टीव्हन विल्किन्सन यांनी १९५० ते १९९५ या काळातील हिंदु-मुस्लिम दंगलींची सूची एका इंग्रजी दैनिकाच्या अंकांवरून सिद्ध केली. तिच्यातून दोन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. पहिली ही की या दंगली मुख्यतः शहरी आहेत. खेड्यांत झालेल्या मृत्यूंचे प्रमाण एकूण मृत्यूंच्या शेकडा चारांहूनही कमी आहे. दुसरी ही की शहरांतही त्या सर्वत्र सारख्या पसरलेल्या नाहीत. अहमदाबाद, मुंबई, अलीगढ, हैदराबाद, मेरठ, बडोदे, कलकत्ता आणि दिल्ली या आठच शहरांत जवळजवळ निम्मे मृत्यू झाले. तात्पर्य, हा रोग देशव्यापी मानण्यापेक्षा स्थानिक मानणे अधिक योग्य, आणि त्याचे निदानही स्थानिक पातळीवरच झाले पाहिजे, असा निष्कर्ष वार्ष्णेय काढतात.

यासाठी त्यांनी शहरांच्या तीन जोड्या घेतल्या : अलीगढ आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत. प्रत्येक जोडीतील दोन शहरांत मुस्लिम लोकसंख्येचे प्रमाण साधारणतः सारखे; परंतु एक दंगलग्रस्त, तर दुसरे तुलनेने शांत. हा भेद कशामुळे? ग्रंथकाराचे उत्तर असे की शांत शहरांत दोन्ही समाजांना एकत्र बांधणारे नागरी जीवन आहे. या नागरी जीवनाचे ते दोन प्रकार कल्पितात. एक, शेजारधर्माचा नित्य व्यवहार : एकमेकांकडे जाणे-येणे, एकत्र जेवण, मुलांनी एकत्र खेळणे, सणावाराला भाग घेणे. दुसरा, संघटित व्यवहार : व्यापारी मंडळे, कामगार संघटना, वाचनालये, व्यावसायिकांचे संघ, राजकीय पक्ष. यांपैकी दुसरा प्रकार अधिक बळकट, असे त्यांचे प्रतिपादन आहे. खेड्यात किंवा लहान गावात शेजारधर्म पुरेसा होतो. शहर वाढले म्हणजे माणसे अनोळखी होतात आणि तेथे संस्थांचाच आधार उरतो.

या प्रतिपादनाचे सामर्थ्य अहमदाबादच्या प्रकरणात विशेष जाणवते. मजूर महाजन, काँग्रेस आणि गांधीप्रणीत संस्था यांचे जाळे जोवर सशक्त होते तोवर त्या शहराला एक कणा होता. ते जाळे विरत गेले, पुढे गिरण्याही बंद पडू लागल्या, आणि १९६९ व १९८५ या वर्षांनी काय पाहिले हे सर्वश्रुत आहे. १ जुलै १९४६ रोजी याच शहरात जमावाला आवरताना वसंतराव हेगिष्टे आणि रजबअली लाखाणी या दोन मित्रांनी प्राण दिले. त्यांची स्मृती अहमदाबादने जपली आहे. परंतु व्यक्तीचे बलिदान कितीही उदात्त असले तरी ते संस्थेची जागा घेऊ शकत नाही, हेही त्याच शहराच्या पुढील इतिहासाने दाखविले. सुरतेचे उदाहरण याला पूरक आहे. डिसेंबर १९९२ मध्ये तेथे भीषण हिंसा झाली, पण ती मुख्यत्वे शहराबाहेरच्या नव्या कामगार-वस्त्यांत झाली; दोन्ही समाजांचे व्यापारी संबंध जेथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते ते जुने शहर पुष्कळ अंशी शांत राहिले.

येथवर ग्रंथकाराशी मतभेद होण्याचे कारण नाही. प्रश्न सुरू होतात ते भिवंडीपाशी.

३

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती, उत्तर हिंदुस्थानातून आलेले मोमीन विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली, उत्तर प्रदेश व बिहारमधून आलेले कामगार, आणि सूत व कापडाच्या व्यापारातील गुजराती व मारवाडी व्यापारी अशी येथील वस्तीची घडण आहे. माग एकाचा, त्यावर चढणारे सूत दुसऱ्याचे, विणणारा हात तिसऱ्याचा आणि कापड खपविणारा चौथा, असा हा धंदा असल्यामुळे धर्माच्या भिंती ओलांडल्याशिवाय येथे कोणाचेही पोट भरत नाही. अन्योन्यावलंबन म्हणतात ते याहून वेगळे काय असणार?

तरीही या शहरात दोन मोठ्या दंगली झाल्या. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी पहिली उसळली आणि तिचे लोण जळगाव व महाडपर्यंत पोहोचले. तिची चौकशी न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगाने केली. हा अहवाल प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याने मुळातून वाचावा अशा योग्यतेचा आहे, कारण दंगलीपूर्वीच्या काही वर्षांत किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी कशा साचत गेल्या याचे बारकाईने केलेले वर्णन त्यात सापडते. मिरवणुकीचा मार्ग कोणता असावा, मशिदीपुढे गुलाल उधळावा की नाही, कोणत्या घोषणा द्याव्यात, आसपासच्या खेड्यांतून लाठ्या घेऊन येणाऱ्यांना परवानगी असावी काय, या मुद्द्यांवर वर्षानुवर्षे तणाव वाढत होता. दंगलीच्या तपासासाठी नेमलेल्या पोलीस पथकाच्या पक्षपाताविषयी आयोगाने कडक शब्दांत नापसंती व्यक्त केली, हेही येथे लक्षात ठेवले पाहिजे. दुसरी दंगल मे १९८४ मधली. ती भिवंडीपुरती न राहता ठाणे व मुंबईपर्यंत पसरली आणि तिच्यात दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

यानंतर १९८८ मध्ये सुरेश खोपडे हे भिवंडीस पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला समित्यांची योजना हाती घेतली. शांतता समिती ही चीज आपल्या शहरांना नवी नव्हती. सण जवळ आला म्हणजे पोलीस ठाण्यात प्रतिष्ठितांना बोलवावे, चहा द्यावा, ऐक्याचे आवाहन करावे, आणि सण उरकल्यावर समिती पुढील सणापर्यंत विसरून जावी, असा तिचा परिपाठ. खोपडे यांच्या समित्या तीन बाबतींत भिन्न होत्या. एक, त्यांत पुढाऱ्यांऐवजी मोहल्ल्यात प्रत्यक्ष राहणारी सामान्य माणसे, म्हणजे माग चालविणारे, दुकानदार, रिक्षावाले, दोन्ही समाजांतून सारख्या प्रमाणात घेण्यावर भर होता. दोन, प्रत्येक समितीशी त्या भागाची जबाबदारी असलेला पोलीस कर्मचारी जोडलेला असे. तीन, बैठका सणापुरत्या नसून नियमित होत, आणि त्यांत ऐक्यावर व्याख्याने होण्याऐवजी मोहल्ल्यातील लहानसहान भांडणे, उपद्रव आणि तक्रारी चर्चेला येत.

६ डिसेंबर १९९२ नंतर मुंबईत जे घडले त्याचा तपशील न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आहे. डिसेंबर आणि जानेवारी मिळून सुमारे ९०० माणसे मरण पावली. मुंबईच्या उंबरठ्यावर असलेली, आणि पूर्वी दोनदा जळालेली भिवंडी मात्र त्या दोन महिन्यांत शांत राहिली. खोपडे यांनी घालून दिलेली पद्धत त्यांच्या मागून आलेल्या अधिकाऱ्यांनी चालू ठेवली होती. न घडलेल्या दंगलीचे इतके ठळक उदाहरण आपल्या राज्यात दुसरे नाही.

४

वार्ष्णेय या उदाहरणाचा अर्थ असा लावतात की जेथे नागरी बंध नाहीत तेथे शासनही ते निर्माण करू शकते. हा अर्थ चुकीचा नाही. परंतु तो अपुरा आहे, आणि त्याचे अपुरेपण सिद्धान्ताच्या मुळाशी जाऊन भिडते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पहिला आक्षेप साहचर्याच्या कल्पनेविषयी. भिवंडीत धंद्यातील संबंध १९७० मध्ये होते, १९८४ मध्ये होते आणि १९९२ मध्येही होते. पहिल्या दोन वेळा ते दंगल रोखू शकले नाहीत. वार्ष्णेय यांच्या बाजूने कोणी म्हणेल की धंद्यातील देवघेव म्हणजे संघटित नागरी जीवन नव्हे. हे मान्य केले तरी असे दिसते की १९८८ नंतर जे नवे आले ते केवळ संघटनेचे अस्तित्व नव्हते. पूर्वीच्या शांतता समित्याही संघटनाच होत्या आणि त्यांत दोन्ही समाजांचे लोक बसत. नवे होते ते समितीपुढे येणारे काम. मिरवणुकीचा मार्ग हा ज्या दिवशी धर्माचा प्रश्न बनतो त्या दिवशी तो कोणतीही समिती सोडवू शकत नाही. पण तो अद्याप रस्त्याचा, आवाजाचा किंवा वेळेचा प्रश्न असतो तेव्हा चार शेजारी आणि एक हवालदार मिळून तो सोडवू शकतात. मोहल्ला समितीचे यश असलेच तर ते या ‘आधी’ मध्ये आहे. दोन समाजांचे लोक किती संस्थांत एकत्र आहेत याची मोजणी करून ही गोष्ट हाती लागत नाही. ते एकत्र येऊन काय करतात, किती वेळा करतात, आणि वाद कोणत्या अवस्थेत असताना करतात, हे पाहावे लागते.

दुसरा आक्षेप पुराव्याविषयी. भिवंडी शांत राहिली याचे सगळे श्रेय समित्यांना देता येईल काय? १९८४ च्या होळीत मागमालक आणि व्यापारी दोघांचेही अपरिमित नुकसान झाले होते. ती आठवण आठ वर्षांनंतरही ताजी असणे स्वाभाविक आहे. विल्किन्सन यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘व्होट्स अँड व्हायोलन्स’ या ग्रंथात असे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे की दंगल थांबविण्याची शक्ती राज्य सरकारच्या हाती असते, आणि अल्पसंख्याकांच्या मतांची गरज किती यावर ते ती वापरते की नाही हे ठरते. पण डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई आणि भिवंडी या दोन्ही ठिकाणी सरकार एकच होते. म्हणजे हे स्पष्टीकरण या जोडीला लागू पडत नाही, आणि स्थानिक कारणाकडे वळण्यावाचून गत्यंतर राहत नाही. एवढ्यापुरता भिवंडीचा पुरावा वार्ष्णेय यांच्या बाजूने जातो, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. तथापि ते स्थानिक कारण समाजांतील बंध हे होते, की दक्ष आणि निःपक्षपाती पोलीस हे होते, याचा निर्णय या पुराव्यावरून होत नाही. कारण भिवंडीत दोन्ही गोष्टी एकाच वेळी आणि एकाच हाताने घडविल्या गेल्या.

यातूनच तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा आक्षेप निघतो. वार्ष्णेय यांच्या मांडणीत संघर्ष दोन समाजांमध्ये असतो आणि त्यांना जोडणारे पूल हा त्यावरचा उपाय असतो. शासन आणि पोलीस हे या चित्रात काठावर उभे आहेत; पूल मजबूत असला तर त्यांचे काम सोपे होते, नसला तर अवघड. याउलट पॉल ब्रास यांनी २००३ च्या आपल्या ग्रंथात दंगल ही घडविली जाते, तिला घडविणाऱ्यांची कायमची व्यवस्था असते, असे आग्रहाने प्रतिपादिले. ब्रास यांचे म्हणणे टोकाचे वाटले तरी त्यांनी एक मुद्दा नेमका पकडला आहे : सत्ताधारी यंत्रणा ही संघर्षातील तिऱ्हाईत असतेच असे नाही. मादन आणि श्रीकृष्ण या दोन्ही आयोगांनी पोलिसांच्या पक्षपातावर बोट ठेवले आहे, याचा अर्थ तोच.

मोहल्ला समिती ही पोलिसांनी बोलाविलेली आणि पोलिसांच्या शब्दावर चालणारी संस्था होती. दोन शेजाऱ्यांत वाद असेल तेव्हा पोलीस हा मध्यस्थ ठरतो, आणि त्याच्या उपस्थितीचे वजन समितीला मिळते. परंतु वाद पोलिसांशीच असेल तर? जुलै २००६ मध्ये भिवंडीत हेच घडले. कबरस्तानालगतच्या वादग्रस्त जागेवर पोलीस ठाणे बांधण्याच्या प्रश्नावरून जमाव आणि पोलीस समोरासमोर आले. गोळीबारात दोघे ठार झाले आणि त्यानंतर जमावाने दोन पोलिसांचा बळी घेतला. ही हिंदु-मुस्लिम दंगल नव्हती. म्हणून दंगलींच्या सूचीत तिचे वर्गीकरण करणेही कठीण. पण चार कुटुंबांचे आधार गेले, आणि ज्या शहराला शांततेचा आदर्श म्हणून गौरविले गेले होते त्या शहरात, जागेसारख्या अगदी मोहल्ल्याच्या पातळीवरच्या प्रश्नावर, ही वेळ आली. तोवर समित्यांतील मूळचा नियमितपणा उरला नव्हता, असे याचे उत्तर दिले जाईल. ते मान्य केले तरी मूळ प्रश्न शिल्लक राहतो : एखाद्या अधिकाऱ्याच्या आस्थेवर उभी असलेली आणि त्याच्या खात्याविरुद्ध तक्रार ऐकण्याचा अधिकार नसलेली समिती, तेच खाते वादी किंवा प्रतिवादी झाल्यावर काय करू शकली असती?

५

मुंबईतील अनुभव या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवितो. १९९३ नंतर तेथे मोहल्ला समिती चळवळ उभी राहिली. पोलीस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांचा तिच्या उभारणीत मोठा वाटा होता. भिवंडीत पुढाकार गणवेशातील अधिकाऱ्याचा होता; मुंबईत तो नागरिकांकडे आणि पोलिसांकडे मिळून होता, आणि म्हणूनच अधिकाऱ्यांच्या बदल्या झाल्या तरी काम टिकून राहिले. वस्त्यांतील स्त्रिया तिच्यात पुढे आल्या, अफवा पसरल्या की एकमेकांना विचारून खातरजमा करण्याची सवय लागली, पोलीस आणि तरुण यांचे क्रिकेटचे सामने झाले. या साध्या उपक्रमांची थट्टा करणे सोपे आहे. परंतु जानेवारी १९९३ मध्ये अफवांनी काय केले हे ज्याने अहवालात वाचले आहे तो ती करणार नाही.

तथापि या समित्यांच्या कार्याला एक मर्यादा जन्मतःच होती. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये सादर झाला. ज्यांच्यावर त्यात ठपका ठेवला गेला त्यांपैकी फारच थोड्यांना न्यायालयात शिक्षा झाली. ज्या बाईचा मुलगा गेला तिला समितीच्या बैठकीत शेजारणीबरोबर बसण्यास सांगता येते, आणि ती बसतेही. पण तिचा जो प्रश्न आहे त्याचे उत्तर शेजारणीजवळ नसते. ते न्यायालयाजवळ आणि सरकारजवळ असते, आणि तेथून ते येत नाही. समेटाला न्यायाचा पर्याय म्हणून पुढे केले गेले म्हणजे समेट घडविणाऱ्या भल्या माणसांवरचाच विश्वास हळूहळू उडू लागतो. स्थानिक शांतताकार्याच्या स्तुतीत ही गोष्ट बहुधा वगळली जाते. वार्ष्णेय यांच्या ग्रंथातही तिला पुरेसे स्थान नाही, कारण पुढील दंगल टळली की नाही हीच त्यांची कसोटी आहे. मागील दंगलीचा हिशेब चुकता झाला की नाही, ही त्यांची कसोटी नाही.

६

या परीक्षणाचा निष्कर्ष असा नव्हे की नागरी बंधांचा सिद्धान्त टाकून द्यावा. अहमदाबाद, सुरत आणि कालिकत यांच्या तुलनेतून जे हाती आले ते मोलाचे आहे, आणि दंगलीला अटळ मानणाऱ्या भोळ्या समजुतीला त्याने कायमचा धक्का दिला आहे. परंतु भिवंडीच्या उजेडात त्याला दुरुस्तीची गरज आहे. दोन समाजांना जोडणारी संस्था शांतता राखू शकते, हे विधान तीन अटींसह करावे लागेल : तिच्यापुढे लहान वाद ते लहान असतानाच नित्य येत असले पाहिजेत, तिच्यात मोहल्ल्याच्या नावाने बोलणाऱ्यांपेक्षा मोहल्ल्यात राहणारे असले पाहिजेत, आणि तिला प्रसंगी पोलिसांना व शासनालाही जाब विचारता आला पाहिजे. पहिल्या दोन अटी भिवंडीने १९८८ नंतर पाळल्या आणि त्याचे फळ तिला १९९२ मध्ये मिळाले. तिसरी अट अपुरी राहिली, आणि तिची किंमत २००६ मध्ये मोजावी लागली, असे मानण्यास जागा आहे.

हे अनुमान आहे, सिद्धान्त नव्हे. त्याची कसोटी पुढील संशोधनाने लावावयाची आहे. आपल्या विभागातील विद्यार्थ्यांना या दिशेने बरेच करता येण्यासारखे आहे. आयोगांचे अहवाल ग्रंथालयात आहेत. पण मोहल्ला समित्यांच्या बैठकांत काय बोलले गेले, कोणते वाद आले, कोणते मिटले आणि कोणते मिटले नाहीत, याची नोंद बव्हंशी त्यांत बसलेल्या माणसांच्या आठवणीतच आहे. ती मराठीत आहे, उर्दूत आहे, तेलुगूत आहे. ते सदस्य आता वृद्ध होत चालले आहेत. त्यांच्या तोंडून ती उतरवून घेण्याचे काम आज झाले नाही, तर न घडलेल्या दंगलीचा जो एकमेव साक्षीदार आहे तोही आपण गमावून बसू, आणि पुढच्या पिढीच्या हाती पुन्हा केवळ घडलेल्या दंगलींचे अहवाल तेवढे उरतील.